गणपतीच्या रजेची यादी

कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत भाकरी थापल्याचा आवाज मध्येच थांबला, की मी पुस्तक मिटायचे. आईला जिन्यावर अण्णांच्या चपला ऐकू आल्या, असा त्याचा अर्थ होता. अण्णा वर येईपर्यंत ती पदर नीट करायची, स्टो बारीक करायची, आणि मी दारातल्या चपला ओळीत लावायचे, कारण चपला वाकड्या असणं हेही एक कारण होऊ शकायचं. कारण कुठलंही चालायचं. कुळथाच्या पिठीत आमसूल जास्त पडलं, सुकट नीट भाजली गेली नाही, आई गॅलरीत शेजारणीशी बोलत उभी होती, मी हसले, मी हसले नाही. अण्णांकडे ऑफिसातला एक काळा गोल लाकडी रूळ होता. रजिस्टरात रेघा मारायला दिलेला. घरी तो आमच्यावर चालायचा. पोटरीवर बसला तर फारसा आवाज होत नाही, मनगटाच्या हाडावर बसला तर होतो, आणि हाडावरचा आठ दिवस दुखतो, हे मला चौथीत असल्यापासून माहीत होतं. हल्ली माझ्या वयाची माणसं म्हणतात, तेव्हाचे वडील कडक होते पण आतून प्रेमळ होते. असतील बापडे. मी ज्याच्या घरात वाढले तो माणूस मारायचा आणि त्याला मारायला आवडायचं. आतून काय होतं ते बघायला मी कधी आत गेले नाही.

हाच माणूस कारखान्यात मात्र देव होता. ठाण्याच्या इस्टेटीत पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या टाइम ऑफिसात अण्णा हेडक्लार्क. कामगारांची हजेरी, शिफ्ट, रजा, सगळं त्यांच्या खिडकीतून जायचं. साडेतीनशे माणसं, त्यातली निम्मी आमच्यासारखी कोकणातली. गणपतीत या सगळ्यांना गावी जायचं असायचं आणि कारखाना तर बंद ठेवता यायचा नाही, म्हणून शंभर जणांनाच रजा मिळायची. ते शंभर कोण, हे अण्णा ठरवायचे. कोणी अर्ज करायचा नाही, तशी पद्धतच नव्हती. श्रावण उतरणीला लागला की अण्णांच्या हस्ताक्षरातली यादी बोर्डावर लागायची, आणि ज्याचं नाव नसेल तो मुकाट्याने कामावर यायचा. इतक्या वर्षांत त्या यादीवरून एक शब्द वाकडा झाला नव्हता. अण्णांच्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिलीचे ठिपके असायचे आणि त्यांचा अर्थ अण्णांशिवाय कोणालाच कळायचा नाही. रविवारी कोणी ना कोणी नारळ घेऊन घरी यायचं. लेथवर काम करणारा तुकाराम घाग तर आमच्या गावाशेजारच्या वाडीतला, आई त्याला आंबोळ्या वाढायची आणि तो तिला वहिनी म्हणायचा. पाहुणे असले की अण्णा हसायचे. त्यांचे दात किती छान होते हे मला पाहुण्यांमुळेच माहीत झालं.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, गणित घेऊन. सकाळचं कॉलेज ठाण्यात, आणि दुपारी डोंबिवलीला रेगे सरांच्या क्लासला कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला जायचे. सरांचं कॉम्प्युटर ब्युरोचंही काम होतं. पूर्वेला चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर दोन कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र, आणि फक्त त्या यंत्रांसाठी लावलेला एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवघरात काढतात तशा. क्लास संपत आला तेव्हा सरांनी एक गणित घातलं: गोदामातल्या सुट्या भागांची यादी अशी लाव, की जो भाग संपत आला तो सगळ्यात वर यावा. मी ते कागदावर लिहून दिलं. सरांनी ते यंत्रात घातलं आणि पहिल्याच फटक्यात चाललं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शैला, सोमवारपासून येतेस का? अकरा ते सात. परीक्षेच्या वेळी रजा देईन." मी लगेच हो म्हटलं.

अण्णांना मी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "टायपिंगसारखंच असतं ना ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. "मग जा. लग्न होईपर्यंत जा." त्यांना वाटलं पोरगी मशीन बडवते. मला जे वाटत होतं ते मी फक्त आईला सांगितलं, तेही ती तांदूळ निवडत असताना. म्हटलं, "ही नोकरी टिकली ना आई, की डोंबिवलीत एक खोली घेईन. आपण दोघी जाऊ." आई खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "टिकव आधी." मी ते वचनच धरलं. त्या वर्षी मी जे जे केलं ते आईला त्या घरातून बाहेर काढायचं म्हणून केलं, असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगत आले.

नोकरीला दोन महिने झाले आणि अण्णांच्याच कारखान्याचं काम सरांकडे आलं. तिथल्या पर्सोनेल ऑफिसरला हजेरी आणि रजा कॉम्प्युटरवर हव्या होत्या, सुरुवात गणपतीच्या यादीपासून. "तुझे वडीलच आहेत तिथे, तुला सोपं जाईल," सर म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी घरी येऊन अण्णांना विचारलं की लाल ठिपका म्हणजे काय आणि निळा म्हणजे काय. त्यांनी रूळ उचलला आणि माझ्या कानावर मारला. कारण सांगितलं नाही, पण ते मला कळलं. कान दोन दिवस वाजत होता. तो वाजत असतानाच मी कारखान्याची जुनी हजेरीपुस्तकं घेऊन बसले आणि माझा नियम लिहिला: गणपतीत ज्याला सगळ्यात जास्त वर्षं रजा मिळालेली नाही, त्याचं नाव सगळ्यात वर. दोघे सारखे आले तर ज्याची नोकरी जुनी तो आधी. इतका स्वच्छ नियम. वशिला नाही, नारळ नाही, ठिपके नाहीत. मी कोकणातली, आमच्या घरात पाच दिवसांचा गणपती, भावकीत पूजेची पाळी कशी फिरते ते मी लहानपणापासून बघितलेलं, आणि तरी मला दिसलं नाही की घाटावरच्या माणसाला गणपतीत दहा वर्षं रजा मिळालेली नाही कारण त्याला ती कधी नकोच होती, त्याला चैत्रात जत्रेला जायचं असतं. आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी पोरांचा गणपती तर इथेच, चालत दहा मिनिटांवर. ती सगळी नावं माझ्या यादीत वर आली. मला दिसलं नाही म्हणते, पण खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. माझ्या प्रोग्राममध्ये अण्णांना कुठेच जागा नव्हती, म्हणून मला तो आवडला होता.

शुक्रवारी दुपारी तीनला, पहिली शिफ्ट सुटून दुसरी आत येते त्या वेळी, यादी बोर्डावर लागली. ती घेऊन मीच गेले होते आणि पर्सोनेल ऑफिसरच्या केबिनमध्ये काचेमागे उभी होते. समोर पॅसेजपलीकडे अण्णांची खिडकी. आधी लोक नुसते वाचत होते, बोटाने नावं शोधत होते. मग कोणीतरी हसलं, कारण वरून तिसरं नाव एका कळव्याच्याच कोळ्याचं होतं आणि तो म्हणत होता, "माना कं करायची रजा? माजा गनपती तं दारान हाय." मग ते हसू थांबलं आणि आवाज चढायला लागला. तुकाराम घागने यादी बोर्डावरून ओढून काढली. तो कागद सलग असायचा, कडेने भोकं असलेला, तो फाटत लांबच लांब आला. तो घेऊन घाग खिडकीशी गेला. "अण्णा, बारा वर्षांनी पाळी आलीय माझ्या घरात," तो म्हणाला. "बाप आंधळा आहे माझा. गणपती कोण आणणार? तुम्हाला ठाऊक नाही काय?"

अण्णा उठून दार उघडून बाहेर आले. आतच राहिले असते तर कदाचित मारातून वाचले असते. पण त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवलेला त्यांना सोसायचा नाही, घरी काय आणि बाहेर काय. त्यांनी घागच्या खाडकन थोबाडीत मारली. जणू तो आमच्या स्वयंपाकघरातच उभा होता. मग माणसं त्यांच्यावर पडली. पाठीत, पोटात, जिथे मिळेल तिथे. त्यांचा शर्ट फाटला, चष्मा पायाखाली गेला. दोघांनी हात धरले आणि घागने ती यादी चुरगळून त्यांच्या तोंडात कोंबायला सुरुवात केली. "खा. खा तुझी यादी." अण्णा मान हलवत होते, कागद ओठांतून बाहेर येत होता, तो पुन्हा आत ढकलत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे यादी त्यांनी नाही केली, ती कॉम्प्युटरवाल्यांनी केलीय." हात थांबले. अण्णांनी कागद थुंकला, त्याबरोबर रक्तही आलं. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं. आणि म्हणाले, "यादी माझी आहे. मी केलीय." तोवर घागच्या हातात खिशातला पाना आला होता. तो त्यांच्या डोक्यावर बसला.

ऑफिसरने केबिनला आतून कडी घातली होती. मी ती काढली नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. आणि एक गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही: पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्यालाही वाटलं. पाना बसला तेव्हा वाटलं नाही. अण्णांनी ते मला वाचवायला म्हटलं, की आपली यादी दुसऱ्याच कोणी केली हे साडेतीनशे माणसांसमोर कबूल करणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं म्हणून म्हटलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आता घोडबंदर रोडवरच्या घरी, सोळाव्या मजल्यावर सकाळचा चहा घेताना कधी मला पहिलं खरं वाटतं, कधी दुसरं.

त्यांना सरकारी इस्पितळात नेलं, सात टाके पडले. पोलिसांना त्यांनी सांगितलं की जिन्यावरून पडलो. मी तिथून रेगे सरांकडे गेले. सरांना सगळं फोनवर कळलेलं होतं. ते रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. "प्रोग्राम चुकलेला नाही शैला," ते म्हणाले. "तू चुकलीस. तुला विचारायला घरात माणूस होता." मी म्हटलं, विचारलं होतं. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं आणि नजर वळवली. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी सातला बरोबर यादी लागली नाही तर ते लोक काम बंद करणार. मग हे काम जाईल माझं. आणि हे गेलं की मला तुला ठेवता येणार नाही. मनात नसताना सांगतोय." म्हणजे नोकरी, खोली, आई, सगळं आता त्या रंगीत ठिपक्यांवर आलं होतं, आणि त्यांचा अर्थ ज्या डोक्यात होता ते डोकं कारखान्याने फोडून ठेवलं होतं.

शनिवारी अण्णा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आईने पेज भरवायचा प्रयत्न केला तर त्यांनी वाटी उडवली. मी दिवसभर कारखान्यातून मागून आणलेल्या त्यांच्या रजिस्टरात डोकं घालून बसले, काही उलगडेना. रविवारी सकाळी ते उठले, आंघोळ केली, डोक्याचं बँडेज सांभाळत पाटावर बसले, रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि म्हणाले, "वही घे." मी घेतली. "एक. तुकाराम घाग." मी वर बघितलं. "बघतेस काय? पाळी आहे त्याची. लिही." मग ते सांगत गेले. लाल ठिपका म्हणजे यंदा घरात पूजेची पाळी. निळा म्हणजे नवीन लग्न, बायकोचा पहिला गौरीचा ववसा, नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवाळायची असतात, तिला एकटीला कसं पाठवणार. हिरवा म्हणजे भाऊही इथेच नोकरीला, एका वर्षी हा, एका वर्षी तो. कोणाच्या घरी म्हातारं माणूस शेवटचा गणपती बघतंय, कोणाचं घर गळतंय आणि पुरुषमाणूस गेल्याशिवाय मखर उभं राहणार नाही. ठिपके नुसती खूण होती, खरं सगळं त्यांच्या तोंडात होतं. मी लिहीत होते आणि माझ्या मनात नियम जुळत होते, एकामागून एक, सुंदर. त्या तासाभरात मला माझ्या बापाचा अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचंच.

"सत्तावीस. सोनू मांडवकर," ते म्हणाले.

आई आत कांदा चिरत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, मांडवकरांकडे यंदा नाही गणपती. आषाढात चुलते वारले त्यांचे. मांडवकर वहिनी नळावर सांगत होत्या."

मी पेन थांबवलं. आणि लख्ख कळलं. रोज रात्रीच्या जेवणात अण्णा आईला विचारायचे, कोण भेटलं, काय म्हणाली, कोणाकडे काय आहे. मला वाटायचं पाळत ठेवतात. नळावरच्या, हळदीकुंकवाच्या, बारशाच्या बायकांकडून आई जे गोळा करून आणायची तेच दुसऱ्या दिवशी रंगीत पेन्सिलीने त्या रजिस्टरात उतरायचं. ज्या डोक्यापुढे साडेतीनशे माणसं झुकायची त्यातलं निम्मं डोकं आमच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होतं. अण्णांनाही त्याच क्षणी दिसलं असणार की मला ते कळलं. ते उठले, आत गेले आणि रूळ आईच्या मनगटावर मारला. हाडावर. विळी कलंडली, कांदा सगळीकडे पसरला. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला.

मी त्यांची मानगूट धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं. मला माहीत होतं टाके कुठे आहेत, आणि तीच बाजू मी भिंतीला लावली. बँडेजमधून लाल डाग फुटला. मग मी त्यांच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. त्यांचे हात खाली पडले होते, रूळ जमिनीवर होता, त्यांच्या डोळ्यांत मी कधी बघितली नव्हती अशी भीती होती. तिसरीची काही गरज नव्हती. ती मी मारली कारण मला मारायची होती.

आई माझ्याकडे आली नाही. ती अण्णांकडे गेली, सुजत चाललेल्या हाताने पदर त्यांच्या डोक्याला लावला, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझा हात अगदी यांच्यासारखा चालतो." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. नुसतं एक बघितलेलं सांगावं तसं ती म्हणाली. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी फाटलेला ओठ पुसला आणि म्हणाले, "मांडवकर खोड. त्याच्या जागी विठ्ठल शिगवण. लिही." मी वही उचलली. दुपारपर्यंत शंभर नावं झाली. मधूनमधून ते थांबायचे आणि आईकडे बघायचे, आई आतून हो किंवा नाही म्हणायची, आणि मी लिहायचे.

सोमवारी सकाळी सातला यादी लागली. कोणी काही बोललं नाही. घाग गावाला गेला आणि येताना प्रसाद घेऊन आमच्याकडे आला. अण्णांनी तो घेतला, आईने त्याला आंबोळ्या वाढल्या. माणसं कशी एकमेकांचं रक्त गिळून पुन्हा पाटावर बसतात ते तेव्हा बघितलं. पुढच्या वर्षापासून ती यादी माझा प्रोग्राम काढायला लागला, नळावरच्या खबरांसाठी त्यात एक रकाना ठेवून. अण्णांना टाइम ऑफिसातून स्टोअरला हलवलं. त्या रविवारनंतर त्यांनी आमच्यावर हात उचलला नाही, रूळ कपाटाखाली पडून राहिला. मी पास झाले, सरांनी मला कायम केलं, आणि शब्द दिल्याप्रमाणे मी डोंबिवलीत एक खोली घेतली. स्टोही आणला. एका सकाळी कॉलेजचं शेवटचं काम उरकून, आईला न्यायला घरी आले.

अण्णा कामाला गेले होते. आईने चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि हात चटकन मागे घेतला. मी तिला म्हटलं, "भर पिशवी. खोली छान आहे, खिडकीतून वारा येतो."

"मी नाही येत," आई म्हणाली.

"अगं पण आता मी आहे ना. तुला कोणाला घाबरायचं कारण नाही."

ती बराच वेळ मनगटावरची जागा चोळत राहिली. मग म्हणाली, "ते कधी हात उचलतील ते मला आधी कळतं गं शैले. जिन्यावरच कळतं. तुझं मला कळलं नाही."

मी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. आणि एकटीच निघाले, कारण अकराला कामावर पोचायचं होतं.